कळपात कोंबडे किती असावेत?

प्रश्नाचे स्वरूप

भारतातील असंख्य खेड्यांत घराच्या परसात पाच-दहा कोंबड्या वावरत असतात. त्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्री करते. अंडी, पिल्ले किंवा एखादा कोंबडा विकून हाती येणारा पैसा मीठमिरची, औषधपाणी, मुलांच्या वह्यापुस्तके अशा निकडीच्या खर्चास उपयोगी पडतो. अशा घरी खुडूक कोंबडी बारा अंड्यांवर बसवावी, तिने एकवीस दिवस ती अंडी निष्ठेने उबवावीत आणि शेवटी चारच पिल्ले बाहेर पडावीत, ही हानी लहान नव्हे. आठ अंडी वाया जातात. उबवण्याच्या काळात कोंबडी नवी अंडी घालत नाही, म्हणून तिचे तीन आठवडेही वाया जातात. मग दोष कधी मेघगर्जनेला दिला जातो, कधी दृष्टीला, तर कधी बिचाऱ्या कोंबडीलाच. वस्तुतः पुष्कळदा चूक अंडी उबवण्यापूर्वीच झालेली असते. कळपात कोंबडा पुरेसा नसतो, किंवा तो म्हातारा व दुबळा झालेला असतो, किंवा याच्या उलट कोंबडेच इतके अधिक असतात की ते एकमेकांना व मादीला स्वस्थता लाभू देत नाहीत.

'दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा' हा नियम बहुतेकांच्या तोंडी असतो. नियम उपयुक्त आहे; परंतु त्यामागील कारणे ठाऊक नसली, तर तो कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही हे कळत नाही. ती कारणे समजावून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

आरंभीच भाषेतील एक अडचण दूर केलेली बरी. मराठीत 'कोंबड्यांना' या रूपावरून नर अभिप्रेत आहेत की माद्या हे कळत नाही. यासाठी जेथे घोटाळ्याचा संभव आहे तेथे पुढे 'नर' व 'मादी' हेच शब्द योजले आहेत.

अंड्यासाठी कोंबडा लागतो काय?

कोंबडा झाकून ठेवला म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी म्हण आहे. त्याचप्रमाणे कोंबडा नसला म्हणून कोंबडी अंडी घालायची राहत नाही. वयात आलेली तलंग नराचे दर्शनही झालेले नसताना अंडी देऊ लागते.

कोंबडीच्या शरीरात सामान्यतः डाव्या बाजूचाच बीजकोश वाढीस लागतो. त्यात लहानमोठ्या आकाराचे पिवळे बलक द्राक्षांच्या घडासारखे लगडलेले असतात. पक्व झालेला बलक सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या मुखात शिरतो. तेथे तो सुमारे पाव तास असतो. पुढील भागात सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढऱ्या बलकाचे थर बसतात. त्यानंतरच्या सव्वा तासात पातळ पापुद्रे तयार होतात. आणि शेवटी सुमारे वीस तास कवच घडण्यात जातात. एका अंड्याचा हा सर्व प्रवास साधारणतः २४ ते २६ तासांचा असतो. या घडणीतील कोणतीही पायरी नरावर अवलंबून नाही. नर असला तर बलकावरील सूक्ष्म बीज फलित होते, एवढाच काय तो फरक.

यावरून पहिले उत्तर निष्पन्न होते. अंडी केवळ खाण्यासाठी अथवा विकण्यासाठी हवी असतील, तर कोंबड्यांची आवश्यक संख्या शून्य होय. अंड्यांच्या मोठ्या व्यवसायात हजारो माद्या असतात, पण नर एकही नसतो, याचे कारण हेच. प्रौढ कोंबडा दिवसास सव्वाशे ग्रॅम खाद्य खातो असे धरले, तरी वर्षाकाठी त्याला सुमारे ४५ किलोग्रॅम खाद्य लागते. परसात दाणे-किडे टिपून पोट भरणाऱ्या कोंबड्याचा खर्च जाणवत नाही. विकतचे खाद्य घालणाऱ्यास तो निश्चित जाणवतो.

उष्ण देशात याला आणखी एक महत्त्व आहे. फलित अंड्यातील गर्भाची वाढ अंडे बाहेर पडण्यापूर्वीच सुरू झालेली असते आणि थंड जागी ती थांबून राहते. परंतु उष्णतामान २१ अंश सेल्सिअसच्या आसपासहून वर गेले, की ती मंदपणे पुन्हा सुरू होऊ शकते. चैत्र-वैशाखात आपल्याकडील घरांतील उष्णतामान याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे फलित अंडी घरात ठेवली असता लवकर बिघडतात. अफलित अंड्यात वाढणारे काही नसल्यामुळे ती तुलनेने अधिक टिकतात.

अफलित अंड्याचा प्रश्न आहाराच्या नीतीशीही निगडित झालेला आहे. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले. ज्या अंड्यातून पिल्लू जन्मूच शकत नाही असे अंडे आणि फलित अंडे यांतील भेद त्यांनी त्यात स्पष्ट केला आहे. दूध घेणाऱ्यास पहिल्या प्रकारच्या अंड्याची हरकत वाटण्याचे कारण नाही, असा विचारही मांडला आहे. तो विचार कोणास पटो वा न पटो, त्याच्या बुडाशी असलेली शास्त्रीय वस्तुस्थिती निर्विवाद आहे.

मादीच्या शरीरातील साठा

पिल्ले हवी असतील तर मात्र कोंबडा अपरिहार्य ठरतो. मग तो एक असताना दहा-बारा मादींची अंडी कशी फलित होतात, असा प्रश्न उद्भवतो. मादी जवळजवळ रोज अंडे देते. प्रत्येक अंड्यासाठी स्वतंत्र समागम लागत असता, तर एका नराच्या हातून हे कार्य होणे कठीण होते.

निसर्गाने याची व्यवस्था मादीच्या शरीरात केलेली आहे. कवच जेथे तयार होते तो भाग आणि त्याखालचा मार्ग यांच्या सांध्यापाशी अत्यंत सूक्ष्म नलिकांचे समूह असतात. समागमानंतर शुक्राणूंपैकी फार थोडे या नलिकांपर्यंत पोहोचतात. परंतु जे पोहोचतात ते तेथे अनेक दिवस जिवंत राहतात. तेथून ते थोडे थोडे सुटून अंडनलिकेच्या मुखाकडे जात राहतात. बलक सुटल्यावर पहिल्या पाव तासात, त्यावर पांढऱ्या बलकाचे थर चढण्यापूर्वी, फलन होणे आवश्यक असते. शुक्राणू आधीच तेथे उपस्थित असल्यामुळे ही अल्प मुदत पुरते.

एका समागमाचा परिणाम आठवडाभर चांगला टिकतो. नंतर फलित अंड्यांचे प्रमाण उतरू लागते आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत ते संपुष्टात येते. या एका गोष्टीतून पाळणाऱ्यास तीन व्यवहारी नियम मिळतात.

पहिला नियम असा, की नर कळपात सोडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही अंडी फलित होऊ लागली, तरी उबवण्याची अंडी आठ-दहा दिवसांनंतरच गोळा करावीत. तोपर्यंत बहुतेक माद्यांशी नराचा संबंध आलेला असतो.

दुसरा नियम असा, की नर काढून घेतला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून अंडी अफलित होतात असे समजू नये. अफलित अंडी म्हणून विकायची असतील, तर किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत.

तिसरा नियम जात राखणाऱ्यांसाठी आहे. एक नर काढून दुसऱ्या जातीचा नर सोडला, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील पिल्लांचा पिता कोण हे खात्रीने सांगता येत नाही. शुद्ध वंश हवा असेल तेथे ती अंडी उबवण्यास घेऊ नयेत.

एका नरामागे किती माद्या?

कोंबड्याचा वन्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो आजही हिमालयाच्या पायथ्याच्या व पूर्व भारताच्या जंगलांत आढळतो. सह्याद्रीच्या रानात त्याचा करडा भाऊबंद राहतो. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याच्या वंशातून आला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात आढळले. तांबड्या रानकोंबड्याच्या टोळीत एका प्रबळ नराभोवती काही माद्या असतात आणि दुय्यम नर कडेकडेने वावरतात. तेव्हा एका नरामागे अनेक माद्या हा पाळणाऱ्याने घालून दिलेला नियम नव्हे; पक्ष्याच्या मूळ स्वभावावरच तो आधारलेला आहे.

निरोगी तरुण कोंबडा दिवसातून दहा ते तीस वेळा समागम करू शकतो. परंतु प्रत्येक वेळी शुक्राणूंची संख्या सारखी नसते. दिवसातील पहिल्या समागमात ती सर्वांत अधिक असते व पुढे उतरत जाते. माद्या फार असल्या, तर काहींच्या वाट्यास अपुरे शुक्राणू येतात. शिवाय नर सर्व माद्यांकडे सारखे लक्ष देत नाही. काहींच्या मागे तो वारंवार लागतो, काहींकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि काही माद्या त्याला टाळतात. म्हणून माद्या दहाच्या वीस झाल्या, तर केवळ समागमांची विभागणी होते असे नव्हे. मुळीच समागम न झालेल्या माद्यांची संख्या वाढते.

जातींचे वजन व चपळता यांनुसार सर्वसाधारण प्रमाण पुढीलप्रमाणे ठेवतात :

हलक्या जाती, उदाहरणार्थ लेगहॉर्न : एका नरामागे १२ ते १५ माद्या.

मध्यम जाती, उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेड व प्लिमथ रॉक : एका नरामागे सुमारे १० माद्या.

भारी जाती, उदाहरणार्थ असील व ब्रह्मा : एका नरामागे ८ माद्या.

भारी नर लवकर थकतो आणि वजनामुळे त्याचा तोलही नीट राहत नाही. म्हणून त्याच्यावरील भार हलका ठेवावा लागतो. मोकळ्या परसात वावरणारा गावरान कोंबडा बहुधा हलका व चपळ असल्याने त्याला दहा-बारा माद्या सहज झेपतात.

हे आकडे मधल्या प्रतीच्या परिस्थितीचे आहेत. कोंबडा पाच-सहा महिन्यांत वयात येतो. तरी सात-आठ महिन्यांचा होईपर्यंत त्याच्यावर पूर्ण भार टाकू नये. त्यापुढील वर्ष-दीड वर्ष त्याच्या उमेदीचे असते. नंतर माद्यांची संख्या कमी करावी किंवा नर बदलावा. कडक उन्हाळ्यात नराचे बीज क्षीण होते व त्याची हालचालही मंदावते; तेव्हा हिवाळ्यात पुरेसे वाटलेले प्रमाण वैशाखात अपुरे ठरते. उबवणीसाठी थंड दिवस निवडण्याची रीत अनुभवातून आलेली असून तिला असाही आधार आहे. पाय दुखावलेला, फार लठ्ठ झालेला किंवा उवा-गोचिडांनी त्रस्त झालेला कोंबडा दिसायला कितीही रुबाबदार असला आणि कितीही जोराने आरवत असला, तरी कामाचा नसतो. आरवणे हे पौरुषाचे प्रमाणपत्र नव्हे.

कृत्रिम रेतनाने हे प्रमाण कितीतरी पटींनी बदलते. अमेरिकेतील कृषी खात्याचे संशोधक बरोज व क्विन यांनी पोटाला मालिश करून नराचे रेत मिळवण्याची सोपी पद्धत १९३० ते १९४० या दशकात रूढ केली. या पद्धतीत रेत विरळ करून अनेक माद्यांत वाटता येते आणि पाच ते सात दिवसांनी एकदा रेतन पुरते. ते दुपारनंतर करतात. कारण बहुतेक माद्या सकाळी अंडे घालतात आणि कवचयुक्त अंडे मार्गात नसताना शुक्राणूंचा प्रवास सुकर होतो. यावरून एवढे स्पष्ट होते, की दहास एक हे प्रमाण शुक्राणूंच्या तुटवड्यामुळे आलेले नाही. नराची शक्ती, त्याची आवडनिवड आणि कळपातील वागणूक यांतून ते आलेले आहे.

नर अधिक झाले तर

कोंबडा कमी पडण्याची भीती वाटून पुष्कळजण तीन-चार कोंबडे ठेवतात. दहा माद्यांत चार नर म्हणजे फलनाची चौपट हमी, असा हिशेब मनात असतो. तो चुकीचा आहे.

नॉर्वेतील संशोधक शेल्डरप-एबे यांनी कोंबडीच्या कळपाचे दीर्घ निरीक्षण करून १९२२ साली असे दाखवले, की कळपात कोणी कोणास टोचावे याची ठरलेली उतरंड असते. नरांमध्येही अशी उतरंड असते आणि ती ठरेपर्यंत झुंजी चालतात. जागा अपुरी असेल व नर बरोबरीचे असतील, तर झुंज थांबत नाही. एक नर मादीवर चढला, की दुसरा धावून येऊन त्याला पाडतो. समागमाचे प्रयत्न वाढतात, पण पूर्ण होणारे समागम त्या मानाने वाढत नाहीत.

शिवाय प्रत्येक नराला संततीत सारखा वाटा मिळतो असेही नाही. मोकाट कोंबड्यांचे निरीक्षण करून पिझ्झारी व बर्कहेड या संशोधकांनी २००० साली असे प्रसिद्ध केले, की दुय्यम नराने बळजबरी केल्यास मादी त्याचे रेत शरीराबाहेर टाकून देऊ शकते. म्हणजे कळपात नर किती दिसतात आणि पिल्लांचे पिते प्रत्यक्षात किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

या सर्वांची झळ अखेर मादीला पोहोचते. नर चढताना चोचीने तिच्या मानेवरील पिसे पकडतो आणि पायांनी पाठीवर तोल सांभाळतो. हे अधूनमधून झाले तर इजा होत नाही. दिवसभर वारंवार होऊ लागले, म्हणजे मानेवरील व पाठीवरील पिसे तुटतात, कातडी उघडी पडते, नखांनी व पायामागील अणकुचीदार काट्यांनी पंखाखाली जखमा होतात. रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथे टोचू लागतात. घाबरलेली मादी खुराड्यातच दडून राहते, दाण्यापाण्याला येत नाही आणि तिची अंडी कमी होतात. फलनासाठी ठेवलेले जादा नर अशा रीतीने अंड्यांवरच घाला घालतात.

मादीची पाठ उघडी पडलेली दिसली, तर प्रथम जादा नर वेगळे करावेत. जखमी मादीला पिसे येईपर्यंत निराळे ठेवावे. नराच्या पायावरील काट्याचे टोक घासून बोथट करावे. मूळापर्यंत कापू नये, कारण आतील भाग जिवंत असतो. फक्त तीन-चार माद्या असतील, तर तरुण नर सतत त्यांच्यासोबत न ठेवता काही काळापुरता सोडणे योग्य. एकत्र वाढलेले नर एकमेकांना पुष्कळ सांभाळून घेतात. परका प्रौढ कोंबडा अचानक आणून सोडला, तर रक्तपात ठरलेला. असीलसारख्या झुंजार जातीचे दोन प्रौढ नर एका कोंडवाड्यात ठेवूच नयेत. दोन्ही उपयोगात आणायचे असतील, तर आळीपाळीने सोडावेत.

जादा नर येतात कोठून, हेही येथे पाहिले पाहिजे. कोंबडीच्या बाबतीत पिल्लाचे लिंग मादीच्या बीजावर ठरते आणि सरासरीने निम्मी पिल्ले नर निघतात. अंड्याच्या लांबट किंवा गोल आकारावरून ते ओळखता येत नाही. वीस पिल्ले जगली तर त्यांत सुमारे दहा नर असणार. पुढील पिढीसाठी मात्र एक-दोघांचीच गरज आहे. तेव्हा निवड करण्यास भरपूर वाव असतो. जो पाळणारा वाढ, पायांची ठेवण व स्वभाव पाहून उत्तम दोन-तीन नर राखतो आणि उरलेले वेळीच वेगळे करून विकतो, त्याचा कळप सुधारत जातो. पुष्कळदा उलट घडते. वजनदार कोंबडा चांगली किंमत येते म्हणून आधी विकला जातो आणि मागे राहिलेला किरकोळ नर पुढच्या पिढीचा पिता होतो.

वंशाचा हिशेब

आतापर्यंत विचार झाला तो प्रमाणाचा. परंतु एका कोंबड्यामागे दहा माद्या आणि चार कोंबड्यांमागे चाळीस माद्या यांत प्रमाण तेच असले, तरी वंशाच्या दृष्टीने या दोन कळपांत मोठे अंतर आहे.

एकाच नराच्या कळपात जन्मलेली सर्व पिल्ले एका पित्याची असतात. पुढील वर्षी त्यांतील माद्या ठेवल्या आणि नर तोच राहिला, तर पिता व कन्या यांचा संकर होतो. त्यांतील एखादा नर ठेवला, तर भावाबहिणींचा. असा निकटसंकर पिढ्यानुपिढ्या चालू राहिला, की फलित अंडीही कमी प्रमाणात उबतात, पिल्ले अशक्त निघतात आणि रोगाला बळी पडतात. पाळणारा म्हणतो, 'आताशा कोंबडी पूर्वीसारखी राहिली नाही.' त्याचे निरीक्षण खरे असते, कारण मात्र त्याच्या ध्यानात आलेले नसते.

अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९३१ साली या प्रश्नाचे गणित मांडले. नर व माद्या यांची संख्या विषम असेल, तर वंशाच्या दृष्टीने कळपाची परिणामकारक संख्या प्रत्यक्ष संख्येहून कमी असते. ती काढण्यासाठी नरांची संख्या व माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करून, त्यास दोहोंच्या बेरजेने भागावे.

एक नर व दहा माद्या : ४ × १ × १० ÷ ११ = ३.६.

दोन नर व दहा माद्या : ४ × २ × १० ÷ १२ = ६.७.

एक नर व शंभर माद्या : ४ × १ × १०० ÷ १०१ = ३.९६.

चार नर व चाळीस माद्या : ४ × ४ × ४० ÷ ४४ = १४.५.

तिसरे उदाहरण विशेष मननीय आहे. नर एकच असला, तर माद्या कितीही वाढवल्या तरी ही संख्या चारच्या वर जाऊ शकत नाही. दाराशी शंभर कोंबड्या दिसतात, पण वंशाच्या हिशेबात तो कळप चार पक्ष्यांचाही नसतो. बाहेरून नवा पक्षी न आणल्यास एक नर व दहा माद्यांच्या कळपात निकटसंकर एका पिढीत सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. चार नर व चाळीस माद्यांच्या कळपात ही वाढ सुमारे साडेतीन टक्क्यांची असते.

हा हिशेब केवळ पुस्तकी नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा काळा कडकनाथ, आंध्र व छत्तीसगड या प्रदेशांतील असील, नंदुरबार-नवापूर व लगतच्या गुजरातेतील बुसरा, अंदमान-निकोबार बेटांतील आखूड पायांची निकोबारी या भारतीय जाती शतकानुशतके लहान लहान घरगुती कळपांतून टिकून राहिल्या आहेत. कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची मागणी दूरवर वाढली. अशा वेळी एक कोंबडा व काही माद्या नेऊन त्यांच्यापासूनच पुढची सारी वाढ करणारा मनुष्य जात वाढवीत असल्याचे दिसते. प्रत्यक्षात तो तिचा वंश अरुंद करीत असतो.

लहान पाळणाऱ्याने चार नर ठेवणे परवडणारे नाही, हेही खरे. त्यावर उपाय आहे. खेड्यातील कोंबड्या गल्लीबोळांतून एकत्र चरतात. त्यामुळे कळपाची मोजणी घरागणिक न करता वाडीगणिक करावी. चार घरांत मिळून चाळीस माद्या असतील, तर प्रत्येक घराने एक चांगला नर ठेवावा. ते चारही एकाच कोंबडीची पिल्ले असू नयेत. दरवर्षी हंगामापूर्वी त्याच जातीचा एखादा नर दुसऱ्या गावातील नराशी बदलून घ्यावा. नवा पक्षी आणल्यावर तो दोन-तीन आठवडे निराळा ठेवून, रोगी नाही ना हे पाहून मगच कळपात सोडावा. या अदलाबदलीस पैसा लागत नाही, केवळ समजूत लागते.

अधिक नर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. एकच नर असेल आणि तो निर्बीज निघाला, लंगडा झाला किंवा मुंगसाने नेला, तर सारा हंगाम वाया जातो. वीस-चोवीस माद्या असतील तेथे दोन नर कळपात व एक निराळा राखीव, अशी व्यवस्था सुरक्षित होय.

परीक्षा कशी घ्यावी?

नर पुरेसे आहेत की नाहीत याचे अखेरचे उत्तर अंड्यांतच असते. उबवणीस ठेवलेली अंडी सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरून पाहावीत. पुठ्ठ्याच्या खोक्याला लहान भोक पाडून आत दिवा ठेवला म्हणजे साधन तयार होते. अंड्यात मध्यभागी गडद ठिपका व त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या, तर गर्भ जिवंत आहे. अंडे आरपार स्वच्छ दिसले, तर ते बहुधा अफलित आहे. रक्ताचे नुसते कडे दिसले, तर अंडे फलित होते, पण गर्भ वाढू लागल्यावर मेला.

या तिसऱ्या प्रकाराचा दोष बहुधा नराकडे नसतो. उबवण्यापूर्वी अंडी फार दिवस किंवा उष्ण जागी ठेवली, की असे घडते. म्हणून उबवणीची अंडी थंड जागी ठेवावीत व शक्यतो आठवड्याच्या आत बसवावीत.

एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. समजा, ६० अंडी उबवण्यास ठेवली. सातव्या दिवशी ६ स्वच्छ निघाली. म्हणजे ५४ फलित, अर्थात फलनाचे प्रमाण ९० टक्के. त्या ५४ पैकी ४५ पिल्ले निघाली. म्हणजे फलित अंडी उबण्याचे प्रमाण सुमारे ८३ टक्के. फलनाचे प्रमाण उत्तम आहे, तेव्हा येथे कोंबडे वाढवून काही साधणार नाही. ९ फलित अंडी का वाया गेली याचा शोध अंडी ठेवण्याच्या व उबवण्याच्या रीतीत घ्यावा लागेल. याउलट ६० पैकी २५ अंडी स्वच्छ निघाली असती, तर नराकडे लक्ष देणे प्राप्त होते. प्रत्येक मादीचे अंडे रंग-आकारावरून घरच्या माणसास ओळखू येते. एकाच मादीची अंडी स्वच्छ निघत असतील, तर ती मादी नराला टाळत असावी किंवा नर तिला टाळत असावा. सर्वच माद्यांची निघत असतील, तर नर बदलावा.

अंड्याची परीक्षा झाल्यावर मादीची पाठ पाहावी. अंडी फलित आणि पाठीवरील पिसे शाबूत, हे दोन्ही एकाच वेळी आढळले, की त्या कळपातील नरांची संख्या योग्य आहे असे समजावे. अंडी खाण्यापुरती हवी असतील तेथे शून्य. पिल्लांसाठी आठ ते पंधरा माद्यांमागे एक. आणि वंश टिकवायचा असेल तेथे परस्परांशी नाते नसलेले अनेक नर, निदान वाडीत मिळून. पुस्तकातील आकडा आरंभासाठी असतो. त्याची दुरुस्ती ज्याने त्याने आपल्या कळपाकडे पाहून करावयाची असते.

स्वाध्याय

१. खाण्यासाठी आणलेली काही अंडी बशीत फोडून बलकावरील पांढरा ठिपका पाहा. फलित अंड्यातील ठिपका वाटोळा व कडे असलेला, तर अफलित अंड्यातील लहान, घट्ट व वेड्यावाकड्या कडेचा असतो. दोन्ही प्रकारांची चित्रे काढा.

२. तीन नर व तीस माद्या यांच्या कळपाची परिणामकारक संख्या काढा. माद्या साठ केल्यास ती किती वाढते? नर सहा केल्यास किती? दोन्ही उत्तरांची तुलना करा.

३. आपल्या वाडीतील किंवा परिसरातील कोंबड्यांची नर-मादीवार मोजणी करा. कोणता नर कोणत्या घरून आला याची विचारपूस करून एकाच वंशातील नर किती आहेत ते लिहा.

४. नर कळपातून काढल्यानंतरही काही दिवस फलित अंडी का मिळतात, ते सकारण सांगा.